दगड जुना, खळगे नवे

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी मंडळी कोल्हापूरहून बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल पाहून आलो. बदामीला तळ्याच्या काठाने चालताना लाल कड्याच्या एका पट्ट्यावर बोटाचे पेर मावेल एवढाले असंख्य खळगे दिसले. ते एकमेकांना इतके चिकटून होते की मधल्या भिंती पुठ्ठ्याएवढ्या पातळ राहिल्या होत्या. दुरून पाहिले तर मधमाश्यांचे पोळेच वाटावे. त्याच कड्याचा चार हात पलीकडचा भाग मात्र अगदी सपाट होता. सोबतच्या एका प्रवाशाने या बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आहेत असे सांगितले. माझ्या दिरांच्या मते ते पावसाच्या थेंबांचे ठसे आहेत. आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीचा तर्क असा की हा दगड कधीकाळी समुद्राखाली होता, म्हणून ते बुडबुडे असावेत. यांपैकी खरे काय? आणि दगड अतिप्राचीन आहे असे ऐकले. मग हे खळगेही तेवढेच जुने समजावेत का? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की आपल्या दिरांचा आणि मुलीचा तर्क आपोआप बाजूला पडतो. दगडाचे वय आणि दगडाच्या पृष्ठभागाचे वय या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बदामीचा वालुकाश्म हा भूवैज्ञानिक ज्याला कलादगी खोरे म्हणतात त्या खोऱ्यात साचलेल्या वाळूचा झालेला आहे आणि तो प्रोटेरोझोइक कालखंडातील आहे. हा कालखंड सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी संपला आणि बदामीची वाळू त्याच्याही बरीच आधी साचलेली आहे. आपल्या पन्हाळ्याचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. म्हणजे ज्याला आपण जुना म्हणून मिरवतो तो सह्याद्री बदामीच्या दगडापुढे कालचे पोर ठरतो. परंतु आपण हात लावला तो कड्याचा पृष्ठभाग काही कोट्यवधी वर्षे उघडा नव्हता. वरचे थर झिजून, कडे कोसळून तो उघडा पडला, आणि हे कोसळणे आजही चालू आहे.

लेण्यांच्या बाबतीत तर आपल्याला पृष्ठभागाची जन्मतारीखच ठाऊक आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे. छिन्नीने घडवलेल्या त्या लेण्याच्या एखाद्या स्तंभावर किंवा भिंतीवर असा खळगा दिसला, तर तो साडेचौदाशे वर्षांहून जुना असूच शकत नाही, मग दगड कितीही प्राचीन असो. पुढच्या वेळी जाल तेव्हा नैसर्गिक कड्यावरचे खळगे आणि घडवलेल्या पृष्ठभागावरची झीज शेजारीशेजारी पाहा. कालमापनाचा याहून स्वस्त धडा कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

आता तिन्ही तर्कांविषयी थोडक्यात. पावसाच्या थेंबांचे ठसे दगडात खरोखर टिकतात, पण ते ओल्या गाळाच्या आडव्या पृष्ठभागावर उमटतात, उथळ असतात, त्यांना बारीकशी उंच कड असते आणि ते थराच्या पृष्ठालाच चिकटून राहतात. उभ्या कड्यावर, थरांना आडवे छेदत, पेरभर खोल असे ते असत नाहीत. गोळीच्या खुणेभोवती दगड फुटलेला असतो, भेगा चांदणीसारख्या पसरलेल्या असतात आणि खुणा विखुरलेल्या असतात; इतक्या शिस्तीने एकाला एक लागून गोळ्या झाडणारा नेमबाज अजून जन्माला यायचा आहे. बुडबुड्यांची भोके लाव्हारसाच्या दगडात सापडतात, वाळूच्या दगडात नाहीत. तरीही मुलीला सांगा की समुद्राची आठवण तिला झाली ती अगदीच वाया गेली नाही, कारण या गोष्टीतले मुख्य पात्र मीठ आहे.

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा चिकटा. कण बहुतांशी गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, आणि व्याख्येनुसार मिलिमीटरच्या सोळाव्या भागापासून दोन मिलिमीटरपर्यंतचे. चिकटा कधी सिलिकेचा, कधी चुन्याचा, कधी लोहाच्या ऑक्साइडचा, तर कधी नुसत्या मातीचा असतो. बदामीच्या दगडाला लाली येते ती लोहामुळे. कण आणि चिकटा यांच्यामध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्या की दगड दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढतो. क्वार्ट्‌झचा कण स्वतः जवळजवळ अमर असतो. झिजतो तो चिकटा. चिकटा सुटला की कण निखळतो, आणि वालुकाश्मातला खळगा हा असा एकेक कण निखळून होतो. तो दगड फोडून पाडलेला नसतो.

चिकटा सोडवतो कोण, हे समजण्यासाठी बदामीला जाण्याचीही गरज नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेच्या काठच्या पेठांमधील कितीतरी घरांच्या भिंतींना लोणा लागला. पुराचे पाणी ओसरले, भिंती वरून वाळल्या, आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर पांढरी भुकटी फुलून आली, रंगाचे पोपडे सुटले, गिलावा बोट लावताच वाळूसारखा झडू लागला. पाणी असताना भिंतीचे फारसे काही बिघडले नव्हते. बिघडले ते पाणी निघून जाताना. भिंतीतील क्षार पाण्यात विरघळले, पाणी पृष्ठभागाकडे आले, तिथे त्याची वाफ झाली आणि क्षार मागे राहिले. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींचे दुखणे मुळात हेच आहे. तिथे उसाला दिलेले जादा पाणी जमिनीतून वर येते आणि आपले मीठ शिवारावर ठेवून जाते. बदामीच्या कड्याला झालेला आजार याच कुळातला आहे. फरक इतकाच की त्याला घाई नाही.

क्षार मागे राहिले म्हणून दगड का झिजावा, असा प्रश्न साहजिक आहे. पाण्याची वाफ होत जाते तसे उरलेले द्रावण दाट होत जाते, आणि विरघळवण्याच्या मर्यादेपलीकडे गेले की त्यातून स्फटिक वाढू लागतो. तो मोठ्या पोकळीत वाढतो आणि भोवतालच्या बारीक पोकळ्या त्याला द्रावण पुरवत राहतात. पोकळी भरली तरी स्फटिक थांबत नाही, कारण त्याच्या आणि कणाच्या मध्ये द्रावणाचा अतिशय पातळ पापुद्रा शिल्लक असतो. त्या पापुद्र्यातून पोषण घेत तो कणाला रेटत राहतो. दगड दाब सहन करण्यात पहिलवान असला तरी ताण सहन करण्यात दुबळा असतो, आणि हा रेटा आतून बाहेर असल्यामुळे चिकट्यावर नेमका ताण पडतो. सोडियम सल्फेट हा क्षार तर विशेष दुष्ट आहे. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली, पुरेसा ओलावा मिळाला की त्याचा प्रत्येक रेणू पाण्याचे दहा रेणू धरून नवा स्फटिक बनवतो आणि त्याचे आकारमान चौपटीहून अधिक होते. साधे मीठ वेगळ्या रीतीने काम करते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाची बरणी ओलसर होते हे आपण पाहिले आहेच. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळते आणि आर्द्रता खाली आली की पुन्हा स्फटिक होते. म्हणजे पाऊस पडण्याचीही गरज नाही. पहाटेच्या दमट हवेत विरघळायचे आणि दुपारच्या उन्हात गोठायचे, हा खेळ मीठ वर्षातील कितीतरी दिवस खेळू शकते.

हे क्षार येतात कुठून? पावसाच्या पाण्यात अल्प प्रमाणात असतात, धुळीतून येतात, जमिनीतल्या पाण्यातून केशाकर्षणाने चढतात, दगडातील फेल्डस्पारसारख्या खनिजांचे विघटन होऊन सुटतात, आणि कपारींत पारवे किंवा वटवाघळे राहत असतील तर त्यांच्या विष्ठेतूनही मिळतात. जोराच्या पावसाने क्षार धुऊन निघून जातात. म्हणून असे खळगे गगनबावड्यासारख्या धो-धो पावसाच्या मुलखापेक्षा बदामीसारख्या कमी पावसाच्या प्रदेशात, आणि तिथेही पावसाचा मारा थेट न बसणाऱ्या आडोशाच्या जागी अधिक जमतात. आपल्याला चार हात पलीकडचा भाग सपाट दिसला, त्याचे कारण बहुधा हेच असावे: एका भागावरून पावसाचे पाणी वाहून जाते, दुसऱ्या भागाला ते आतून झिरपून मिळते. दगडाच्या थरांचाही वाटा असतो. बदामीच्या कड्यात जे तिरपे थर सहज दिसतात ते जुन्या प्रवाहांनी रचलेले आहेत, आणि एकेका थराचे कण, पोकळ्या व चिकटा थोडे थोडे वेगळे असल्यामुळे खळगे अनेकदा थराची रेघ धरून ओळीने बसतात.

आतापर्यंतचे विवेचन वाचून चिकित्सक वाचक म्हणेल की मीठ जर सर्वत्र असेल तर संपूर्ण पृष्ठभाग सारखाच झिजायला हवा. खळगे आणि त्यांच्यामधल्या पातळ भिंती का? या विषयातला खरा अवघड प्रश्न हाच आहे आणि त्यावर अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षे घालवली आहेत. भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावरून मोठ्या पोकळ्यांना टॅफोनी हे नाव पडले, तर बारीक व दाट खळग्यांना जगभर मधमाशीच्या पोळ्याचीच उपमा दिली जाते. आपल्यालाही तीच सुचली.

जुने स्पष्टीकरण असे की दगडाच्या पृष्ठभागावर कठीण कवच तयार होते. आतला चुना, लोह किंवा सिलिका पाण्याबरोबर बाहेर येऊन पृष्ठभागाजवळ साचते, बाहेरची साल घट्ट होते आणि आतला गाभा तेवढाच भुसभुशीत. साल जिथे फुटेल तिथे गाभा झडतो आणि खळगा होतो. काही ठिकाणी असे होते यात शंका नाही. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अगदी एकजिनसी चुनखडकाचा ठोकळा मिठाच्या द्रावणाने भिजवून त्याच्यावर वारा सोडला, तर कोणतेही कवच नसताना त्यावर तसेच खळगे पडले. म्हणजे पृष्ठभागावरचा एखादा यःकश्चित खोलगटपणाही सुरुवातीला पुरेसा ठरतो.

पुढचा धागा चेक प्रजासत्ताकातील वालुकाश्मांच्या अभ्यासातून मिळाला. तिथल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात खळग्याच्या तळाशी आणि भिंतींच्या माथ्यावर ओलावा किती खोल आहे हे तपासले. खळग्याचा तळ दगडाच्या आतल्या ओलाव्याला अधिक जवळ असतो, त्यामुळे पाणी तिथे थेट पृष्ठभागापर्यंत द्रवरूपात येते, तिथेच त्याची वाफ होते आणि मीठही तिथेच साचते. पुढे आलेल्या भिंती चहूबाजूंनी वाऱ्याला उघड्या असल्यामुळे चटकन आणि खोलवर कोरड्या होतात. मीठ त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे पाणी संपलेले असते. म्हणून ओला तळ झिजतो, कोरडी भिंत टिकते, आणि तळ जितका खोल जाईल तितका तो ओलाव्याच्या आणखी जवळ जातो. आपण सहसा समजतो की वाऱ्याला आणि उन्हाला उघडा असलेला भाग आधी झिजेल. इथे नेमके उलटे आहे. मला स्वतःला हे स्पष्टीकरण सर्वांत पटते, कारण तळाशी हात लावला तर लागणारी सुटी वाळू आणि भिंतीचा खडबडीत घट्टपणा या दोन्हींचा उलगडा त्यातून होतो.

त्याच देशातून २०१४ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली होती. वालुकाश्माच्या ज्या भागावर वरच्या दगडाचा भार येतो तिथले कण एकमेकांत अडकून घट्ट बसतात आणि झीज मंदावते. ज्या भागावर भार नाही तिथले कण सहज सुटतात. त्यामुळे झिजता झिजता दगडात खांब आणि कमानी आपोआप उरतात. मोठ्या पोकळ्यांच्या आकाराला हे तत्त्व अधिक लागू पडते, पेरभर खळग्यांना कमी. समुद्रकिनाऱ्यावर आणखी एक भागीदार असतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर खळग्यांच्या भिंतींवर सूक्ष्म शेवाळाचा थर आढळला आणि त्यामुळे भिंतींना संरक्षण मिळते असे १९८२ साली मांडले गेले. बदामीच्या कोरड्या कड्यावर शेवाळाचा एवढा मोठा वाटा असेल असे मला वाटत नाही.

वेगाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब करून पाहा. दोन सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल असा वाटीसारखा खळगा घेतला आणि वाळूचे कण अर्धा मिलिमीटरचे मानले, तर त्या खळग्यातून साधारण वीस-पंचवीस हजार कण निघून गेलेले असतात. हे काम पाचशे वर्षांत झाले असे समजा. मग सरासरी आठवड्याला एक कण पडला. प्रत्यक्षात झीज इतकी समगतीने होत नाही. काही महिने काहीच नाही आणि एखाद्या कोरड्या आठवड्यात चिमूटभर वाळू, असे चालते. समुद्राचे पाणी रोज मिळत असेल तर वेग कितीतरी वाढतो. इंग्लंडमधील वेस्टन-सुपर-मेअर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या समुद्री भिंतीच्या वालुकाश्मात शंभर वर्षांच्या आत असे खोल खळगे पडलेले मोजले गेले आहेत.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या माळावर वाळूच्या दगडाची सपाट तळी उघडी आहे. तिच्यावर वाटीएवढे गोल खळगे आहेत. काही जण ते आदिमानवाने केलेले आहेत असे म्हणतात, तर काहींच्या मते पन्हाळ्यावरच्या दगडाला असतात तसलीच ही भोके आहेत. ओळखावे कसे? (एक शिक्षक, गडहिंग्लज तालुका)

उत्तर : आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा असला तरी दक्षिणेकडे काही ठिकाणी कलादगी गटाचे दगड उघडे पडले आहेत. घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेतो तो कडाही याच कुळातला. त्यामुळे आपल्या माळावरचा दगड वालुकाश्म असणे अगदी शक्य आहे.

पन्हाळ्याची तुलना मात्र सोडून द्या. काळ्या पाषाणातली भोके हे लाव्हारस थिजताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे आहेत, म्हणजे ती दगडाबरोबरच जन्मली, आणि दगड फोडला तर आतही तशीच सापडतात. पुष्कळदा त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात. गडाच्या माथ्यावरच्या जांभ्याची भोके वेगळी, कारण मूळ दगडातील विरघळणारे घटक पावसाने धुऊन नेल्यावर जे लोह-ॲल्युमिनियमचे जाळे उरते तोच जांभा. वालुकाश्मातले खळगे फक्त पृष्ठभागावर असतात. फुटलेल्या तुकड्याच्या ताज्या बाजूवर एकही भोक नसेल तर बुडबुड्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

आडव्या तळीवरचे खळगे बहुधा पावसाचे पाणी साचून झालेले असतात. त्यांचा तळ सपाट, कडा काहीशी आत कोरलेली आणि आकार वाकडातिकडा असतो. पाणी आटले की तळाशी थोडी माती, वाळू आणि दगडफुलाचे डाग दिसतात. कधी कधी वाळूबरोबर साचलेली चिखलाची गोळी किंवा गोटा निसटून त्याच्या जागी भोक उरते. अशा खळग्याचा साचा गुळगुळीत असतो. ओढ्याच्या पात्रात असाल तर गोटे गरगरून झालेले रांजणखळगे असू शकतात, जसे काळ्या पाषाणात निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत. माणसाने ठोकून केलेली वाटी मात्र गोल, घोटीव आणि जवळजवळ सारख्या मापाची असते, आणि तिचा तळ वाटीसारखा वळलेला असतो. मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यातील दारकी-चट्टान येथे अशा पाचशेहून अधिक वाट्या आहेत. पण आपल्या माळावरच्या वाट्या तशाच आहेत असे ठरवण्याआधी गावातील वृद्धांना विचारा, कारण धान्य कांडायला खडकातच केलेली उखळे पुष्कळ गावांत असत आणि त्यांना आदिमानवाची गरज नसते.

घाईने निष्कर्ष काढू नये यासाठी एक अलीकडचे उदाहरण सांगतो. भीमबेटकाच्या एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन सजीवाचा ठसा सापडला असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. तो खरा असता तर त्या दगडाचे वय साधारण ५५ कोटी वर्षे ठरले असते आणि विंध्य खोऱ्याच्या वयावरचा जुना वाद वेगळ्याच बाजूला झुकला असता. २०२३ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की तो सडून गेलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा डाग होता आणि मधल्या काळात तो पुसटही होऊ लागला होता. दगडावर पोळ्यासारखे दिसले की ते पोळे नसते, आणि जीवाश्मासारखे दिसले की ते पोळे निघते! आपण शिक्षक आहात म्हणून सुचवतो: विद्यार्थ्यांना खळग्यांची रुंदी, खोली आणि दिशा यांची वहीत नोंद करायला लावा, खळगे उकरून मात्र पाहू देऊ नका.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी घर बांधताना आम्ही कुंपणाच्या भिंतीला राजस्थानातून आलेल्या वाळूच्या दगडाच्या फरश्या लावल्या. आता जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत त्यांना खड्डे पडले आहेत, पांढरी पूड येते आणि हात लावला की वाळू गळते. दुकानदाराने दगड शंभर वर्षे टिकेल असे सांगितले होते. सिमेंट भरून वरून पाणीरोधक लेप द्यावा असे गवंडी म्हणतो. करावे का? (एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : करू नये. दुकानदाराची बाजू घ्यायची म्हणून नव्हे, पण दगड बहुधा वाईट नसावा, कारण तीच फरशी भिंतीच्या वरच्या भागात शाबूत आहे असे आपल्या पत्रावरून दिसते. बिघडला आहे तो फक्त ओल पोहोचते तेवढा पट्टा. कुंपणाला लागून बाग असेल आणि रोज पाणी घातले जात असेल, खत घातले जात असेल किंवा विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी वापरले जात असेल, तर मीठ आणि पाणी दोन्ही आपणच पुरवत आहात. फरशीमागचा सिमेंटचा गिलावाही काही क्षार सोडतो.

सिमेंट भरले तर दोन गोष्टी होतील. सिमेंट दगडापेक्षा घट्ट आणि कमी सच्छिद्र असल्यामुळे ओल त्यातून बाहेर पडू शकणार नाही; ती शेजारच्या दगडातून वाट काढील आणि ठिगळाच्या भोवती नवे खड्डे पडतील. वरचा लेप तर अधिक वाईट, कारण पाणी मागून येते आहे आणि आपण दार पुढून लावतो आहोत. मग मीठ लेपाच्या आत साचते आणि एक दिवस लेपासकट दगडाची साल सुटते. पुष्कळ जण पांढरी पूड घालवण्यासाठी ॲसिडने धुतात. त्याने चिकट्यात चुना असेल तर तो विरघळतो आणि वर क्लोराइडची भर पडते, तेही टाळा.

पहिले काम म्हणजे पाणी तोडणे. भिंतीच्या पायथ्याची माती फरशीच्या खालच्या कडेपेक्षा खाली घ्या, वाफा निदान हातभर दूर सरकवा आणि मधल्या पट्ट्यात खडी टाका. मग पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी असताना, पांढरी पूड कोरड्या मऊ ब्रशने झाडून गोळा करून टाकून द्या. पाण्याने धुतली तर ती पुन्हा आत जाईल. त्यानंतर वर्तमानपत्राचा नव्हे तर छपाई नसलेल्या कागदाचा लगदा क्षारविरहित पाण्यात भिजवून दोन-अडीच सेंटिमीटर जाडीने दगडावर थापा आणि तो पूर्ण वाळेपर्यंत तसाच राहू द्या. वाळताना पाणी दगडातून लगद्यात येते आणि मीठ लगद्यात अडकते. म्हणजे जी क्रिया दगड खात होती तीच आता लगदा खाईल. असे तीन-चार वेळा करावे लागते. खड्डे बुजवायचेच असतील तर चुना आणि बारीक वाळू यांचा दगडापेक्षा मऊ राहील असा माल वापरा. तो काही वर्षांनी झडेल आणि पुन्हा भरावा लागेल. झडायचे ते त्याने झडावे, दगडाने नव्हे, हाच त्याचा उपयोग आहे.

पायथ्याच्या फरश्या फारच पोखरल्या असतील तर तो वीतभराचा थर काढून तिथे काळ्या घडीव दगडाचा थर बसवा. कोल्हापुरातील जुन्या वाड्यांचे जोते काळ्या दगडाचे आणि वरची भिंत विटांची असे, ते केवळ दिसायला चांगले म्हणून नव्हते. घट्ट काळ्या पाषाणातून ओल फार वर चढत नाही, मात्र दरजांतून चढते; म्हणून दरजा चुन्यात भरा आणि जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर घातल्याशिवाय वरची फरशी पुन्हा लावू नका.